तबकडीवर कोरलेला चेहरा

आमच्या शाळेच्या दिवसांत सामान्य ज्ञानाची एक पातळशी पुस्तिका मिळे. तिच्यात शोध आणि संशोधक यांच्या जोड्या होत्या. टेलिफोन म्हणजे ग्रॅहॅम बेल, रेडिओ म्हणजे मार्कोनी आणि टेलिव्हिजन म्हणजे जॉन लोगी बेअर्ड. आम्ही त्या घोकून टाकल्या. गंमत अशी की टेलिव्हिजन वर्गातल्या एकानेही पाहिलेला नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि बेअर्डला जाऊन तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.

त्या पुस्तिकेतली जोडी अर्धीच खरी होती, हे पुढे कळले. टेलिव्हिजन एकट्या बेअर्डने शोधला नाही आणि आपल्या घरात जो आला तो तर त्याच्या पद्धतीचा नव्हताच. पण त्याने केलेली दुसरी एक गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नव्हती. दूरवरचे चित्र दिसू लागल्याबरोबर, दोनच वर्षांत, हा माणूस ते चित्र साठवून ठेवायच्या मागे लागला होता. दिसले आणि विरून गेले, हे त्याला पुरेसे वाटत नव्हते.

या गोष्टीकडे माझे लक्ष गेले ते तुर्भ्यात. बँकेच्या नोकरीची शेवटची बरीच वर्षे माझी बाजार समितीच्या परिसरात गेली. घरही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या भागातला केबलवाला गणपतीच्या दिवसांत स्वतःच्या चॅनेलवर सोसायट्यांच्या आरत्या आणि भजने दाखवत असे. २००९ साली आमच्या सोसायटीचे भजन त्याने दाखवले. पेटीवर माझा थोरला भाऊ होता. शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे अंगठ्याएवढे एक यंत्र होते, टीव्ही ट्यूनर म्हणतात ते. त्याने टीव्हीच्या पाठीमागची केबल काढली, त्या यंत्राला जोडली, यंत्र लॅपटॉपमध्ये खोचले आणि एक बटण दाबले. आम्ही पडद्यावर भजन पाहत होतो आणि आत कुठेतरी ते जमा होत होते. केबलवाल्याने स्वतःचे चित्रीकरण पुढच्या वर्षी पुसून टाकले, त्याला जागा हवी होती. भाऊ २०११ मध्ये गेला. त्याचे फोटो पुष्कळ आहेत, पण हलताबोलता तो फक्त त्या फायलीत आहे, सगळा मिळून दीड मिनिट. २०१२-१३च्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, केबलमधून येणारा जुना संदेश बंद झाला आणि शेजारच्या मुलाचे ते यंत्र निरुपयोगी होऊन बसले. जे पकडले ते पकडले.

त्यानंतर, हे पहिल्यांदा कोणी केले असेल, अशी चौकशी मी करू लागलो आणि पुस्तिकेतला जुना ओळखीचा माणूस पुन्हा भेटला.

बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८चा, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हेलेन्सबर्ग गावातला. वडील धर्मोपदेशक. चार भावंडांत हा धाकटा आणि प्रकृतीने कायमचा तोळामासा. थंडी वाजायची, सर्दी जडायची ती महिनोन्महिने हटायची नाही. अशी मुले एकतर पुस्तकात रमतात किंवा खटपटीत. याने घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून खासगी टेलिफोन सुरू केला होता. एका वादळी रात्री त्यातली तार खाली लोंबली आणि घोडागाडीवाला तिच्यात अडकून बैठकीवरून खाली आला, तेव्हा तो उद्योग बंद झाला. मग त्याने इंजिनावर वीज तयार करून वडिलांचे घर उजळले.

ग्लासगोत त्याने विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध आले तेव्हा सैन्याने त्याला प्रकृतीमुळे नाकारले. तो वीज कंपनीत नोकरीला लागला. तिथे त्याच्या डोक्यात आले की कोळशापासून हिरा का होऊ नये? कार्बनचा तुकडा काँक्रीटमध्ये पुरून त्याने त्यातून कंपनीचीच प्रचंड वीज सोडली. हिरा झाला नाही, ग्लासगोच्या एका भागातली वीज मात्र गेली. नोकरीतले त्याचे दिवस त्यानंतर फारसे उरले नाहीत.

पण सुटण्याआधीच त्याने एक धंदा उभा केला होता, आणि बेअर्डच्या आयुष्यातला हा भाग मला सगळ्यांत आवडतो. धंदा मोज्यांचा. ज्याचे पाय सदा गारठलेले त्यालाच अशी कल्पना सुचणार. नेहमीच्या मोज्याच्या आत घालायचा, बोरॅक्सची पूड लावलेला दुसरा मोजा. जाहिरातीसाठी त्याने फलक घेतलेल्या बायका रस्त्यातून फिरवल्या, आणि तेव्हा ग्लासगोत ही नवलाई होती. मोजे खपले, हातात चार पैसे आले. कर्जदारांची प्रकरणे चाळण्यात माझी हयात गेली, त्या अनुभवावरून सांगतो, हा माणूस व्यापारात बुडणारा नव्हता. त्याला आजार बुडवत होता. सर्दीने अंथरूण धरायला लावले की धंदा बसायचा. उबदार हवेसाठी तो वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेला. तिथे त्याने फळांचा जॅम बनवायचा घाट घातला. उकळत्या साखरेच्या वासाने साऱ्या रानातले किडे कढईवर झडप घालू लागले. तो लंडनला परतला, मध विकला, साबण विकला, पुन्हा आजारी पडला. १९२३च्या सुरुवातीला तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जला विश्रांतीसाठी गेला तेव्हा वय चौतीस होते आणि जवळ धंदा असा एकही नव्हता.

समुद्रकिनाऱ्यावर फिरताना त्याच्या मनात तरुणपणीचा एक विषय पुन्हा वर आला, दुरून दिसण्याचा. कल्पना नवी नव्हती. पॉल निपको नावाच्या एका जर्मन विद्यार्थ्याने १८८४ सालीच तिचे पेटंट मागितले होते. यंत्र मात्र त्याने बांधले नाही.

निपकोची युक्ती समजायला सोपी आहे. पत्र्याची एक मोठी गोल चकती घ्या. धान्य बाजारातली चाळणी डोळ्यांसमोर आणा, पण छिद्रे फक्त तीस, आणि तीही कडेने अशी पाडलेली की प्रत्येक छिद्र आधीच्या छिद्रापेक्षा केंद्राकडे जरासे सरकलेले. ही चकती जोरात फिरवली की पहिल्या छिद्रातून समोरच्या चेहऱ्याची एक बारीक पट्टी दिसते, दुसऱ्यातून तिच्या शेजारची, असे करत एका फेऱ्यात सगळा चेहरा तीस पट्ट्यांत चाळून निघतो. प्रत्येक पट्टीतला उजेड-अंधार मागे बसवलेला प्रकाशविद्युत घट विजेच्या चढउतारात बदलतो. पलीकडच्या टोकाला तशीच चकती तेवढ्याच वेगाने फिरते आणि तिच्यामागचा दिवा त्या चढउताराबरहुकूम लुकलुकतो. डोळा त्या पट्ट्या जुळवून चेहरा करतो. सांगायला एवढेच. करायला चाळीस वर्षे कोणाला जमले नव्हते.

बेअर्डने ते केले ते भंगार बाजारातल्या सामानावर. चहाची पेटी, टोपीचा खोका, रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्यांची भिंगे, आणि सगळे एकत्र धरायला लाख आणि दोरा. १९२३च्या जूनमध्ये त्याने लंडनच्या टाइम्समध्ये छोटी जाहिरात दिली. यंत्र बांधायला मदतनीस हवा, पण पैशाची मदत नको, असा तिचा मजकूर होता. स्वतःच्या खिशात दमडी नसताना असे छापून आणणारा माणूस बँकेच्या काउंटरपलीकडून पाहिला असता तर मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला असता. पुढे पैशाची गरज पडलीच, आणि विल डे नावाच्या एका व्यापाऱ्याने दोनशे पौंडांत या शोधाचा एक-तृतीयांश हिस्सा घेतला.

१९२४च्या सुरुवातीला एका क्रॉसची नुसती छाया काही फुटांवर दिसली. त्याच वर्षी जुलैत हजाराहून अधिक व्होल्टचा झटका बसून बेअर्ड फेकला गेला. हात भाजले, जीव वाचला. घरमालकाने मात्र जागा खाली करायला सांगितली. तो लंडनला सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर माळ्यावरच्या दोन खोल्यांत आला. १९२५च्या मार्चमध्ये सेल्फ्रिजच्या मोठ्या दुकानात त्याने तीन आठवडे गिऱ्हाइकांना आपले यंत्र दाखवले. दिसत होत्या त्या सावल्याच. चेहरा म्हणावा असे काही येत नव्हते, कारण चेहऱ्यावर फक्त काळे-पांढरे नसते, मधल्या शंभर छटा असतात.

त्या छटा आल्या २ ऑक्टोबर १९२५ रोजी. आधी दिसले ते एका बोलक्या बाहुल्याचे डोके. त्याला बेअर्ड स्टूकी बिल म्हणत असे. माणूस बसवणे अवघड होते, कारण दिवे इतके प्रखर की बाहुल्याचा रंग तडकायचा आणि केस करपायचे. बाहुला नीट दिसल्यावर बेअर्ड धावत खालच्या मजल्यावर गेला आणि विल्यम टेंटन नावाच्या विशीतल्या कारकून पोराला ओढत वर घेऊन आला. पोरगा दिव्याला घाबरून मागे सरकला, पडदा कोरा. हातावर अर्धा क्राऊन ठेवल्यावर तो जागेवर बसला, आणि टेलिव्हिजनवर दिसलेला पहिला जिवंत माणूस ठरला. पुढे मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरलाच सुरू झाले, तो अर्थात गांधी जयंतीचा योग. पण तारीख तीच, हे मला नोंदवावेसे वाटते. तसेच हेही, की रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सुमारे चाळीस सभासदांना त्या माळ्यावर हे यंत्र दाखवले गेले तो दिवस २६ जानेवारीचा होता, १९२६ सालचा.

पुढची तीन-चार वर्षे बेअर्डच्या आयुष्यातली भरतीची. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडनचे चित्र ४३८ मैलांवरच्या ग्लासगोला गेले. १९२८च्या फेब्रुवारीत ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळच्या हार्ट्सडेलला पोचले. त्याच वर्षी त्याने रंगीत चित्रही दाखवले. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ साली आले, त्याच्या चौपन्न वर्षे आधी.

याच धांदलीत त्याने साठवणीचा प्रयोग केला. तीस पट्ट्यांचे ते चित्र इतके ओबडधोबड होते की त्याची वीज आवाजाच्या विजेइतकीच संथ चढउतार करायची. हेडफोन लावला तर चित्र ऐकू यायचे, प्रत्येक चेहऱ्याची वेगळी गुणगुण. मग बेअर्डने विचार केला, जे ऐकू येते ते ग्रामोफोनच्या तबकडीवर का कोरू नये? १९२७च्या सप्टेंबरपासून १९२८च्या मार्चपर्यंत त्याने असे चेहरे मेणावर कोरून तबकड्या केल्या. या पद्धतीला त्याने फोनोव्हिजन नाव दिले. तबकड्या झाल्या, पण त्यावरून चित्र परत दिसेना. सुई, चकती, तबकडी सगळेच थरथरत होते, आणि ध्वनीत खपून जाणारा एवढासा हेलकावा चित्रात चेहरा विस्कटून टाकत होता. सहा-सात महिन्यांनी त्याने तो नाद सोडला.

आपल्याकडे सावेदादा भाटवडेकरांनी त्याआधी हे साठवणीचे वेड अनुभवले होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे आली, तेव्हा पाहून घरी जाणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचे मुंबईतले स्वागत टिपले. त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. आधी पाहणे आणि मग धरून ठेवू पाहणे, हा क्रम दोघांचा सारखाच, फक्त एकाचे काहीच उरले नाही.

बेअर्डकडे परत येतो. ३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीने त्याला आपले प्रक्षेपण केंद्र वापरू दिले, तेही नाखुशीने. सुरुवातीला चित्र आणि आवाज एकाच वेळी पाठवता येत नसत. गायिका आधी दोन मिनिटे मुक्याने दिसायची, मग दोन मिनिटे न दिसता ऐकू यायची. लोकांनी तरीही संच घेतले, सुमारे हजारभर. पडदा म्हणाल तर हाताच्या दोन बोटांएवढा. पण १९३३ साली असाच कोणी एक हौशी प्रेक्षक घरात बसून तो कार्यक्रम पाहत होता, आणि त्याने घरगुती ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर तो उतरवून ठेवला. बीबीसीच्या त्या कार्यक्रमाचे नाव ‘लुकिंग इन’, आणि त्यात एक नृत्यपथक नाचत होते. घरबसल्या कार्यक्रम पाहता पाहता पकडणाऱ्यांत, माझ्या माहितीत, आमच्या शेजारच्या मुलाचा हाच मूळ पुरुष.

पण ओहोटी सुरू झाली होती. अमेरिकेत फार्न्सवर्थने १९२७ मध्येच फिरत्या चकतीशिवाय, निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने चित्र पाठवले होते. इंग्लंडात आयझॅक शोएनबर्गच्या हाताखाली ईएमआय कंपनीची माणसे त्याच वाटेने चालली होती. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली ती दोन्ही पद्धतींची कसोटी म्हणून, एक आठवडा बेअर्डचा, एक आठवडा मार्कोनी-ईएमआयचा. बेअर्डच्या २४० रेषा, त्यांच्या ४०५. बेअर्डच्या माणसांनी एक विलक्षण खटाटोप केला होता. कॅमेरा आधी फिल्मवर चित्र घ्यायचा, ती फिल्म तिथल्या तिथे मिनिटभरात धुतली जायची आणि ओलीच प्रक्षेपणाला जायची. कॅमेरा जागचा हलवता येत नसे. समोरच्यांचा कॅमेरा खोलीभर फिरत होता. महिना होतो तोच, ३० नोव्हेंबरच्या रात्री क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथली बेअर्ड कंपनीची प्रयोगशाळा बव्हंशी जळाली. १९३७च्या जानेवारीअखेर त्याची पद्धत बंद झाली. निकाल चुकीचा होता असे मला वाटत नाही. चकतीने जाता येईल तेवढे अंतर ती गेली होती.

जिंकलेल्यांचे काय झाले पाहा. त्या सुंदर, स्पष्ट ४०५ रेषांतून १९३९ पर्यंत लंडनला नाटके दिसली, नाच दिसले, सामने दिसले, आणि थेट प्रक्षेपण म्हणून ते सगळे हवेत गेले. ते चित्र इतके बारीक, इतके वेगवान होते की ते धरून ठेवील अशी तबकडी नव्हती. व्हिडिओ टेप यायला १९५६ साल उजाडावे लागले. त्यानंतरही टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरायची रीत होती, बीबीसीतसुद्धा. बेअर्डचे गरीब चित्र मात्र गरीब होते म्हणूनच तबकडीवर मावले.

युद्ध आले, टेलिव्हिजन बंद झाला, कंपनी बुडाली. बेअर्ड स्वतःच्या पैशाने घरी प्रयोग करत राहिला. १९३१ मध्ये त्याने मार्गारेट अल्बू या पियानोवादक तरुणीशी न्यूयॉर्कला लग्न केले होते. दोन मुले होती, ती आणि पत्नी बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनपासून लांब. चकती सोडून तोही आता इलेक्ट्रॉनिक नळीवर काम करत होता आणि १९४४च्या ऑगस्टमध्ये त्याने तशी रंगीत नळी दाखवली. ज्या वाटेने तो हरला होता त्याच वाटेवर तो पुढे निघाला होता, याची दखल त्या युद्धाच्या दिवसांत घेणार कोण? १९४६च्या फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. ७ जूनला बीबीसीने टेलिव्हिजन पुन्हा सुरू केला. १४ जूनला बेक्सहिल गावी बेअर्ड वारला. वय सत्तावन्न. त्याला हेलेन्सबर्गलाच पुरले.

फोनोव्हिजनच्या मोजक्या तबकड्या उरल्या होत्या. ग्रामोफोनवर लावल्या तर नुसता घरघराट. १९८१ पासून डोनाल्ड मॅक्लीन या स्कॉटिश अभियंत्याने तो घरघराट संगणकात भरायला सुरुवात केली. सुईचा हेलकावा, चकतीची थरथर, प्रत्येक रेघेचा सरकलेला आरंभ, हे सगळे त्याने आकड्यांनी मोजून एकेक करून वजा केले. १९३३ची ती अ‍ॅल्युमिनियमची तबकडीही नंतर त्याच्याकडे आली, आणि नाचणाऱ्या मुली दिसल्या. बेअर्डला स्वतःला आपली तबकडी कधी धड पाहता आली नव्हती. २० सप्टेंबर १९२७च्या तबकडीतून निघाला स्टूकी बिल, तोच करपलेल्या केसांचा. २८ मार्च १९२८च्या तबकडीत मिस पाउन्सफर्ड नावाची बाई आहे. तीस उभ्या पट्ट्यांत, आवाजाशिवाय, ती मान इकडेतिकडे हलवते आणि समोर कोणी असावे तशी काहीतरी बोलते.